नाकासमोरचं फॅशन फ्रूट

मी पॅशन फ्रूट बोलतोय.

व्याकरणात फळ नपुंसकलिंगी असतं, हे मला ठाऊक आहे. पण 'मी बोलतंय' म्हणालो तर तुम्ही मला दुपट्यातलं बाळ समजाल, आणि माझ्या तोंडावरच्या सुरकुत्या बघता ते शोभणार नाही. दुसरी गोष्ट. पॅशन. फॅशन नव्हे. बाजारातली निम्मी गिऱ्हाइकं "ते फॅशन फ्रूट दाखवा हो" असंच म्हणतात, आणि मी दर वेळी शरमेने मान खाली घालतो. मला मान नाही, ही गोष्ट वेगळी.

तर ज्या वेलीवर वाढलो तिची शपथ घेऊन सांगतो, पुढे जे सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी जन्मात कधी खोटं बोललेलो नाही. एकदा बोललो होतो, पण ते एका माशीशी, ते धरायचं नसतं. आणि परवा एका लिंबाशी. तेही सोडा. गोष्टीला चिमूटभर साखर लागतेच. नुसता आंबट रस कुणाच्या घशाखाली उतरतो? म्हणजे सगळं खरंच आहे. साखर सोडून.

आमची वेल तारेच्या मांडवावर पसरलेली होती. मांडव एवढा लांब, की या टोकाला पाणी सोडलं तर त्या टोकाला पुढच्या आठवड्यात पोचायचं. वेलीला फुलं यायची तीही अशी, की बघणाऱ्याने दोनदा बघावं. जांभळ्या झालरीचं चाक, मधोमध खांब आणि खांबाच्या डोक्यावर घड्याळासारखे तीन काटे. एवढा थाट, आणि फूल उघडं राहणार जेमतेम एक दिवस. त्या दिवसात मोठा काळा भुंगा येऊन गेला तर फळ, नाहीतर कारभार आटोपला. आमचा भुंगा उशीर करणाऱ्यांपैकी. फूल मिटायला अर्धा तास उरला तेव्हा आला, पाठीला पिवळी पावडर फासून, लग्नाला निघालेल्या एखाद्या काकासारखा. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण मला स्पष्ट आठवतं.

पुढचे अडीच महिने मी हिरवा, टणक आणि गुळगुळीत होतो. त्या वयात सगळेच असतात. मग हळूहळू जांभळा झालो. आमच्या घराण्याची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. बाकीच्या फळांना कात्रीने, आकडीने, हिसडे देऊन उतरवावं लागतं. आम्ही पिकलो की आपले आपण खाली येतो. मी वीस फुटांवरून उडी घेतली. बरं, सहा. खाली गवत होतं. सकाळी वेचायला आलेल्या बाईने मला उचललं, तळहातावर तोललं आणि सोबतच्या जावेला म्हणाली, "बघ गं, कसं भरीव आहे. हलकं फळ आणि हलक्या कानाचा माणूस, दोन्ही पाटीत नकोत."

ते माझं पहिलं कौतुक. मी अजून विसरलेलो नाही.

पाटीतून खोक्यात, खोक्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून बाजारात. छप्पर असलेला मोठा बाजार होता, फरशी सतत ओली, आणि तिथे फळवाल्या काकूंच्या गाळ्यावर आम्ही उतरलो. काकूंनी आम्हाला पुढच्या रांगेत मांडलं, कारण तेव्हा आमची कातडी ताणलेली आणि चकचकीत होती. माणसं यायची, अंगठ्याने दाबायची, नाकाशी न्यायची, परत ठेवायची. दाबणाऱ्यांपैकी दहात एक विकत घेतो. उरलेले नऊ नुसतेच दाबायला येतात; घरी त्यांना कुणी दाबू देत नसावं.

"काकू, गोड आहे का हे?"

"होईल की, चार दिवसांनी."

"म्हणजे आत्ता नाही?"

"आत्ता आंबट आहे, ताई. आणि चार दिवसांनी तुम्हीच म्हणाल, काकू, सुरकुत्या पडल्या, परत घ्या."

काकू खरं बोलत होत्या. आठवड्याभरात मला पहिली सुरकुती पडली, मग दुसरी, मग मोजणं सोडलं. काकूंनी मला उचलून मागच्या टोपलीत टाकलं. तिथे डाग पडलेली केळी आणि आपटलेली सफरचंदं निवृत्तीचे दिवस काढत होती आणि एकमेकांना आपले आजार सांगत होती.

आता इथे मला छाती पुढे काढून थोडं बोलू द्या. माणूस गुळगुळीत फळाला भाळतो, तिथेच फसतो. माझी कातडी सुरकुतते तेव्हा आतलं पाणी थोडं आटलेलं असतं, आंबटपणाची धार बोथट झालेली असते आणि गोडी घट्ट झालेली असते. सुरकुती म्हणजे आमची पदवी. मला आडवं कापा. आत केशरी-पिवळा रस, त्यात काळ्या बिया, प्रत्येक बी आपापल्या रसाच्या थैलीत बसलेली. बिया थुंकू नका. त्या कुरकुरीत लागतात आणि पोटाचं काम सोपं करतात. तंतू म्हणजे चोथा माझ्यात भरपूर. क जीवनसत्त्व आहे, थोडं अ आहे. मी काही डॉक्टर नाही, औषधाची जागा घ्यायची हौसही नाही. पण उन्हातून आलेल्या माणसाला थंड पाण्यात माझा रस आणि थोडी साखर घालून द्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा. आणि वास! एक फळ कापलं की घरभर होतं. तीन गल्ल्या ओलांडून माणसं वास काढत येतात. बरं, जिन्यापर्यंत तरी येतोच. ही शपथेवरची गोष्ट आहे, आणि ही लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या वासानेच घडवलं.

मागच्या टोपलीत माझा तिसरा दिवस होता, तेव्हा शेफसाहेब आले.

बाजारात त्यांना सगळे शेफसाहेबच म्हणायचे. चाळीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात त्यांनी सॉस केले होते. उंच, जरा वाकलेले, मनगटांवर ओव्हनच्या दारांनी दिलेले जुने आडवे चटके. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एकटेच राहायचे.

"काकू, मागच्या टोपलीतली बारा द्या."

"अहो शेफसाहेब, ती सुरकुतलीत. पुढची घ्या की, ताजी आहेत."

"पुढची अजून शाळेत जातायत. मला शिकलेली हवीत."

ऐकलंत? मी तिथल्या तिथे त्या माणसाचा झालो. त्यांनी आम्हा एकेकाला हातावर तोललं, मग कानाशी नेऊन हलकेच हलवलं. आतला रस डुचमळतो का, ते ऐकत होते.

काकू बघत राहिल्या. "पूर्वी तुम्ही प्रत्येक फळ आधी नाकाशी न्यायचात. मी म्हणायचे, शेफसाहेब, सगळा वास तुम्हीच घेतलात तर मी विकू काय? आणि आता कानाशी?"

"वय झालं की खात्यांच्या बदल्या होतात, काकू," ते म्हणाले आणि पिशवीचं तोंड आवळलं.

पिशवीत मी माझा सगळा वास पणाला लावला. घरापर्यंतची वाट वीस मिनिटांची. शेजारून जाणारी एक पोस्टमन बाई वळून बघायला लागली, एक कुत्रं दोन चौक मागे आलं. शेफसाहेबांनी मात्र एकदाही पिशवीत नाक खुपसलं नाही. मला अपमान वाटला. इतके दिवस ज्यांना नको होतो त्यांनी नाक मुरडलं. आणि ज्याला हवा होतो, त्याला माझ्या वासाचं काहीच नाही!

घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर लहान, पण असं लावलेलं, की डोळे मिटूनही हात नेमका जागेवर जावा. सुऱ्या लांबीनुसार, चाळण्या जाडीनुसार, भिंतीवर तांब्याची तीन भांडी, ओट्याजवळ लाकडी चमचे एका बरणीत उभे. टेबलावरच्या वाडग्यात दोन केळी आणि एक लिंबू होतं. आम्ही बारा जण त्यांच्या शेजारी बसलो. सगळं लखलखीत. फार लखलखीत. ज्या शेगडीवर रोज काही शिजतं ती अशी चकाकत नाही.

"तीन आठवडे झाले," बरणीतला जुना लाकडी चमचा मला म्हणाला. (चमचे बोलत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. फळं बोलतात, एवढं मान्य केलंत ना? मग पुढे चला.) "तीन आठवडे शेगडी पेटलेली नाही. पाव, मीठ, चीज. पाव, मीठ, चीज. अर्धा खातो आणि अर्धा खिडकीवरच्या कबुतरांना. कपडे बघ कसे ढगळ झालेत."

मग चमच्याने दुधाची गोष्ट सांगितली. तीन आठवड्यांपूर्वी शेफसाहेबांनी दूध तापत ठेवलं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले. दूध उतू गेलं, आटलं, जळलं, भांडं काळं पडलं. खालच्या मजल्यावर राहणारे घड्याळदुरुस्तीवाले धावत वर आले आणि दारावर बुक्क्या मारायला लागले. शेफसाहेबांनी दार उघडलं, हातात वर्तमानपत्र तसंच.

"अहो, जळकट वास सुटलाय! काय चाललंय?"

"अरेच्चा," शेफसाहेब म्हणाले. "विसरलो."

घड्याळवाल्यांनी त्यांच्या मुलीला फोन केला. मुलीने त्याआधीच दोन गोष्टी मनात टिपून ठेवल्या होत्या. एकदा सूप इतकं खारट होतं की ती चार ग्लास पाणी प्यायली. एकदा त्यांनी तिला आंबलेली साय वाढली. तेव्हाही ते म्हणाले होते, "बघायचं विसरलो." आता तिसरी गोष्ट झाली. बाबांचं डोकं चालेनासं झालंय, असं तिने ठरवलं. आणि ठरवलं की ती थांबत नाही.

"कधी येणार आहे ती?" मी विचारलं.

"आज," चमचा म्हणाला. "खोकी घेऊन."

ती दुपारी आलीच. दुमडलेल्या खोक्यांची चळत काखेत, किल्ल्यांचा जुडगा दातांत. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक सांभाळायचा, हा तिचा धंदा. त्यामुळे तिच्या पायाला खोड लागली होती: कुठेही धोका दिसला, की टाच वर आणि चवडा जमिनीवर घट्ट.

"बाबा, भांडी मोठ्या खोक्यांत, कपडे छोट्या खोक्यांत. रविवारी टेम्पो सांगितलाय."

"आणि मी कुठल्या खोक्यात?"

"चेष्टा नको. आमच्याकडची मागची खोली रिकामी करून ठेवलीये. ऊन येतं तिथे. गॅसवाल्यालाही फोन केलाय, उद्या येऊन जोडणी काढून नेईल."

"उद्या? अगं, अजून रविवार कुठे उजाडलाय!"

"तोवर मला झोप लागणार नाही, म्हणून उद्या."

 शेफसाहेबांनी शेगडीकडे बघितलं, मग "हात धुऊन येतो" म्हणून आत गेले. माणसाला रडायचं नसतं तेव्हा तो हात धुतो, हे मी तेव्हा शिकलो.

मुलगी टेबलापाशी आली. वाडग्यात बघितलं. चवडा जमिनीवर दाबला गेला.

"अरे देवा," ती स्वतःशीच म्हणाली. "नासकी फळं सांभाळून ठेवलीत."

आणि तिने आम्हा बाराच्या बारा जणांना उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. केळी ठेवली. केळी! त्यांच्या तोंडावर माझ्याहून जास्त डाग होते.

डब्यात चीजची वेष्टनं होती आणि पावाची कडक झालेली टोकं. मी वर बघितलं तर झाकण उघडलं आणि शेफसाहेबांचा चेहरा दिसला. ते खाली बसले, गुडघे वाजले, आणि एकेकाला बाहेर काढून शर्टाच्या बाहीला पुसायला लागले.

"बाबा." तिचा आवाज चिरका झाला. "बाबा, कचऱ्यातलं नका ना काढू."

"नासली नाहीत गं ही. पिकलीत."

"हेच! हेच म्हणतेय मी. तुम्हाला आता कळत नाही, बाबा."

"मला? फळातलं? मला कळत नाही?" ते उठले, मला नळाखाली धरलं, फळीवर ठेवलं आणि छोट्या सुरीने आडवं कापलं. एका घावात, थेंब न सांडता. अशा हाताने कापलं जाणं हा मान असतो, हे सांगून ठेवतो. "हे बघ. बघ म्हणतो!"

ती बघायला पुढे झाली आणि मधेच थांबली. सुटलो होतो मी. अख्ख्या स्वयंपाकघरात, पडद्यांत, तिच्या केसांत.

"अगं बाई," ती म्हणाली. "काय वास सुटलाय! आई गं, कसला सुंदर वास आहे हा! बाबा!"

"हो, हो," शेफसाहेब म्हणाले. "छान आहे."

एवढंच. ती त्यांच्याकडे बघायला लागली. हा तोच माणूस, जो एकेकाळी वेलचीच्या एका दाण्यावर पाऊण तास बोलायचा. ज्याने तिला लहानपणी डोळे मिटायला लावून पावाच्या भट्ट्या ओळखायला शिकवलं होतं.

"कशासारखा आहे, बाबा?"

"अं?"

"वास. कशासारखा?"

शेफसाहेबांची नजर टेबलावर गेली. मी ती जाताना पाहिली. "केळ्यासारखा," ते म्हणाले. "थोडासा. आणि जरा लिंबाचा."

वाडग्यात दोन केळी होती आणि एक लिंबू.

मुलगी हळूच कपाटाशी गेली. "डोळे मिटा."

"काय पोरखेळ लावलायस?"

"मिटा म्हणते ना."

तिने कॉफीचा डबा उघडून त्यांच्या नाकाखाली धरला. कॉफी काय दरवळत होती! माझाही दम निघाला. शेफसाहेबांनी ऐटीत श्वास घेतला, मान हलवली.

"तेच फळ. पण आता थोडं जास्त गोड वाटतंय."

"बाबा, ही कॉफी आहे."

नाक दाबलं की तोंड उघडतं, असं म्हणतात. यांचं नाक हिवाळ्यापासूनच बंद होतं. तोंड उघडायला मात्र एवढे महिने लागले. शेफसाहेब खुर्चीत बसले, माझा एक अर्धा भाग तसाच हातात धरून.

"हिवाळ्यातल्या त्या तापात गेलं," ते म्हणाले. "ताप उतरला आणि नाक घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे. मग सर्दी गेली."

"आणि दूध?"

"दूध मी विसरलो नव्हतो. आठवत होतं मला. मनातल्या मनात मोजत होतो, अजून चार मिनिटं, अजून तीन. त्यात एक बातमी वाचत बसलो आणि मोजणं चुकलं. पूर्वी मोजावं लागायचं नाही. दूध वर यायच्या आधी त्याचा वास बदलतो. तो मला उठवायचा."

"मग 'विसरलो' का म्हणालात? सूप, साय, दर वेळी 'विसरलो'!"

"विसरणारा म्हातारा लोकांना चालतो गं. वास न येणारा आचारी कुणाला चालतो?"

ती खोक्यांच्या चळतीवरच टेकली. खोकी चेपली. हसावं की रडावं, हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती ओरडली.

"मी तुम्हाला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले होते! तारीख घेतलीये!"

"डोकं ठीक आहे माझं. तू चाक पंक्चर झालेल्या गाडीचं इंजिन उघडत होतीस."

"आणि गॅस गळला असता तर? तो कसा कळला असता तुम्हाला? मोजून?"

 "ते खरं आहे," ते म्हणाले. "त्याची मलाही भीती वाटते. म्हणून तर तीन आठवडे पेटवली नाही."

 मग शेफसाहेबांच्या लक्षात आलं की आपल्या हातात मी आहे. त्यांनी चमचा घेतला, माझा रस बियांसकट तोंडात टाकला. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण प्रसंग. नाक नसलेल्या माणसाला मी काय देणार? माझी अर्धी इस्टेट वासात आहे. पण आंबट आणि गोड ही जिभेची कामं, आणि कुरकुरीतपणा दातांचा. मी जेवढा होतो तेवढा जिभेवर जाऊन आदळलो.

त्यांनी एक डोळा मिचकावून मिटला. गाल आत ओढले. बिया दाताखाली फुटल्या, तसा त्यांचा चेहरा सावकाश उघडत गेला.

"अरे वा," ते म्हणाले. "हे लागलं."

"काय लागलं?"

"चव लागली. आंबट. मग गोड. मग टिचक्या वाजल्या." त्यांनी माझा दुसरा अर्धा उचलला. तो संपल्यावर दुसऱ्या फळाला हात घातला. मुलगी बघत होती. कित्येक महिन्यांनंतर तो माणूस कुणी आग्रह न करता खात होता.

तिसऱ्या फळाला तिने हात धरला. "थांबा. असं नाही. मला यातलं काहीतरी करून दाखवा, आत्ता, माझ्यासमोर. शेगडी पेटवून. मी इथे बसते आणि बघते."

"परीक्षा?"

"परीक्षा. डोळा अधू असला तरी मी माणसाला लगेच गाडीतून उतरवत नाही. तो आरसे बघतो का, ते बघते."

शेफसाहेब उभे राहिले. ढगळ शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या. आणि मग मी जे पाहिलं, त्यापुढे माझी वीस फुटांची उडी काहीच नाही.

त्यांनी आधी खिडकी उघडली. शेगडीची दोन्ही बटणं बोटाने चाचपली, पेटवली आणि तिथून हलले नाहीत. आमच्यातल्या सात जणांचा रस चाळणीतून काढला, ओंजळभर बिया मुद्दाम परत टाकल्या, "दाताला काम नको?" म्हणून. अंड्यांतला पिवळा भाग आणि साखर घोटली. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं बसवलं, त्यात हे सगळं ओतलं आणि लाकडी चमच्याने आठाच्या आकड्यासारखं ढवळायला लागले. चमचा मला खुणेने म्हणाला, बघ, अजून हात तोच आहे.

"याला आच लागली तर अंडं फाटतं," ते म्हणाले. "तेव्हा वास येतो. तो मला कळणार नाही. म्हणून ऐक. खालचं पाणी नुसतं कुजबुजायला हवं. बडबडायला लागलं की आच कमी."

पाणी बडबडलं. त्यांनी आच कमी केली. मुलीने न सांगता कान पुढे केले होते. मिश्रण दाटत आलं तसा चमच्याचा आवाज बदलला, सळसळ जाऊन थपथप आली. त्यांनी चमचा वर धरला, त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली. रेघ तशीच राहिली, दोन्हीकडचं मिटलं नाही. झालं. आच बंद, बटण पुन्हा चाचपलं, लोण्याचे तुकडे एकेक करून आत सोडले आणि मी सोनेरी, चकचकीत, दाट असा बरणीत उतरलो. पावावर लावायला, केकच्या थरात भरायला, नुसतं चमच्याने चाटायला. इतका देखणा मी फुलात असतानाही नव्हतो. (मला तर आधीच खाल्लं होतं, म्हणाल; पण आम्ही एका वेलीची फळं, एक संपलं की दुसऱ्यातून बोलतो.)

मुलीने चमचा चाटला.  तिच्या पायाकडे माझं लक्ष होतं. चवडा जमिनीवरून सुटला होता.

"मीठ घातलंत?"

"चिमूटभर. जास्त झालं?"

"नाही. बरोबर आहे." तिने नाक पुसलं. "पण अटी आहेत. गॅस गळला तर ओरडणारं यंत्र लावायचं, धुराचंही. गॅसवाला उद्या येईल तो जोडणी काढायला नाही, नळी तपासायला. दूध ठेवलं की खोली सोडायची नाही. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख. आणि मीठ मोजून, चमच्याने."

"मोजून? मी? मीठ?"

"शेफसाहेब."

"बरं, बरं."

"आणि डॉक्टरकडे जायचंच. नाकाच्या."

"आणि खोकी?"

तिने चेपलेल्या खोक्यांकडे बघितलं. "टेम्पो रद्द करते. खोकी राहू देत. मी अजून घाबरलेली आहे, बाबा. सगळी भीती एका चमच्यात जात नाही."

"दुसरा चमचा घे मग," शेफसाहेब म्हणाले. आणि तिने घेतला.

घड्याळवाल्यांनी आपल्या दुकानातलं एक जुनं गजराचं घड्याळ आणून दिलं. त्याचा गजर झाला की चौथ्या मजल्यावरची माणसं उठतात. पाचव्याही. ती इमारत चार मजल्यांची आहे, पण गजर तसाच आहे. उरलेल्या तीन भावांपैकी एक दह्यावर गेला. एकाला तेल, मीठ, मिरी लावून हिरव्या पानांवर शिंपडलं. मुलीच्या गाडीत शिकणाऱ्या तीन जणांनी ते खाल्लं आणि त्यातला एक म्हणे पहिल्याच परीक्षेत पास झाला. शेवटचा थंड पाण्यातून काकूंना पोचला. काकूंनी दुसऱ्या दिवशी मागची टोपली पुढे आणली. वर पाटी लावली: 'सुरकुतलेलं गोड.' आता गिऱ्हाइकं तीच आधी उचलतात. 'फॅशन फ्रूट' म्हणूनच, पण उचलतात.

सध्या माझा मुक्काम फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात, काचेच्या बरणीत. वर माझी तारीख लिहिलेली आहे. आपली तारीख दर वेळी दार उघडलं की दिव्यात वाचायची, ही सवय व्हायला वेळ लागतो. बरणी आता तळाला आली आहे. तुमच्याकडे एक मागणं आहे: मला घेताना चमचा कोरडा असू द्या. आणि तुमच्या घरी कुणी एकसारखं 'विसरलो, विसरलो' म्हणायला लागलं, तर खोकी आणण्याआधी त्याच्यासमोर एक फळ कापून बघा.

नाकाच्या डॉक्टरने शेफसाहेबांना सांगितलं, रोज सकाळी तीन-चार ठसठशीत वास घ्या, डोळे मिटून, घाई न करता. येईल, न येईल, सांगता येत नाही. कॉफी, लवंग, लिंबाची साल आणि मी. परवा सकाळी त्यांनी बरणीचं झाकण उघडलं, मला नाकाशी नेलं, डोळे मिटले. आणि झाकण ओट्यावर आदळलं. "आला!" ते ओरडले. "आला गं आला!" आणि मुलीला फोन लावला, आणि ती फोनवर रडली, आणि मी बरणीत रडलो.

आता शपथ मोडायची वेळ झाली. भुंगा उशिरा आला होता, कुत्रं मागे आलं होतं, टेम्पो रद्द झाला, हे सगळं खरं. चमचा बोलला, तेही खरं. पण परवाचं ते 'आला' मी पदरचं घातलं.

परवा असं झालं. त्यांनी मला नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मीही माझ्यात उरलंसुरलं होतं ते सगळं वर पाठवलं. मग त्यांनी डोळे उघडले.

"नाही," ते म्हणाले.

आणि मला पावावर लावून दोन तुकडे खाल्ले. कबुतरांना काही मिळालं नाही.